नकाशा आणि रुग्ण : मेंदूतील खोल केंद्रांच्या स्थाननिश्चितीचा विचार

शल्यकर्मासाठी रचलेल्या नकाशासंग्रहाची खरी परीक्षा एकच : त्याने दाखविलेले स्थळ रुग्णाच्या मस्तकात तेथेच सापडते काय? शाल्टेनब्रांट व बेली यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेला आणि १९७७ मध्ये शाल्टेनब्रांट व वाहरेन यांनी नव्याने सिद्ध केलेला मानवी मेंदूचा नकाशासंग्रह याच कसोटीस लावला पाहिजे.

१९४७ मध्ये श्पीगेल व वायसिस यांनी माणसाच्या मस्तकावर स्थाननिर्देशक चौकट वापरली, तेव्हा क्ष-किरणचित्रात मेंदूची खोल केंद्रे दिसतच नसत. म्हणून दिसणाऱ्या खुणांवरून न दिसणाऱ्या स्थळाचे अनुमान करणे भाग होते. पुढील व मागील कमिशर यांना जोडणारी रेषा ही त्यांतील प्रमुख खूण ठरली. कंपवातात उपयोगी पडणारे सबथॅलॅमिक केंद्र या रेषेच्या मध्यबिंदूपासून सुमारे १२ मि.मी. बाजूस, ३ मि.मी. मागे व ४ मि.मी. खाली मानण्यात येते.

पेशीरचनेचे जे सूक्ष्म दर्शन या संग्रहात घडते, ते आजही कोणत्याही क्रमवीक्षणात मिळत नाही; हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यातील तीन दिशांचे सूक्ष्म छेद वेगवेगळ्या मेंदूंतून घेतलेले आहेत. परिणामी एकाच केंद्राच्या सीमा तिन्ही दिशांनी परस्परांशी जुळत नाहीत. तालैराक व तूर्नू यांचा १९८८ चा संग्रह तर एकाच स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला आहे. कमिशररेषेची लांबी माणसागणिक बदलते, हे ध्यानी घेतले म्हणजे व्यक्तीला नियमाचे स्थान देण्यातील धोका स्पष्ट होतो.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. विद्युत्-शलाका एक-दोन मि.मी. बाहेरच्या बाजूस सरकली, तर प्रवाह इंटर्नल कॅप्सूलमध्ये पसरून स्नायू आखडतात, वाणी जड होते. मागे सरकली, तर अंगात मुंग्या येतात.

यावर चुंबकीय अनुनाद चित्रण हा अंतिम उपाय होय, असे मानणेही घाईचे ठरेल. लोहाच्या अंशामुळे सबथॅलॅमिक केंद्र टी-२ चित्रात गडद दिसते, आणि रेड न्यूक्लिअसच्या पुढील कडेवरून त्याचा माग काढता येतो, हे खरे. परंतु त्याखालील सब्स्टॅन्शिया नायग्राही तितकीच गडद असल्याने दोहोंमधील सीमा पुसट होते. शिवाय चुंबकीय क्षेत्राच्या विषमतेने चित्र विकृत होते आणि कवटीस छिद्र पाडल्यावर द्रव वाहून गेल्यास मेंदू स्वतःच किंचित सरकतो.

तात्पर्य, नकाशा ही प्रतिज्ञा, चित्र हा पुरावा आणि पेशींचे विद्युत्-लेखन व जागृत रुग्णाचा प्रतिसाद ही पडताळणी होय. जुना संग्रह टाकाऊ ठरत नाही. मात्र त्याला निर्णायकाचे आसन सोडून साक्षीदाराच्या जागी उभे राहावे लागते.