स्वस्त तबकडी आणि चित्रपटाची प्रमाण प्रत

जुन्या पोथीच्या अभ्यासकास पाठाची चिंता असते. चित्रपटाच्या अभ्यासकास ती क्वचितच पडते. ‘संत तुकाराम’ (१९३६) बारकाईने पुन्हा पाहावयाचा, तर पनवेलच्या विद्यार्थ्यास पूर्वी एखाद्या खेळाची वाट पाहावी लागे, अथवा पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय गाठावे लागे. तबकडीने ही अडचण दूर केली. आरंभी शेकडो रुपयांस मिळणारी डीव्हीडी २००७ साली मोझर बेअर कंपनीने ३४ रुपयांस आणि व्हीसीडी २८ रुपयांस विक्रीस काढली. अभिजात चित्रपटांचा संग्रह विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आला.

या स्वस्ताईस दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु किंमत उतरली म्हणून संपादनाची जबाबदारी उतरत नाही. मूळ प्रत कोणती, तिची लांबी किती, गाळले काय, याचा उल्लेख स्वस्त तबकड्यांवर सहसा आढळत नाही. व्हीसीडीचे चित्र तर अवघ्या ३५२ गुणिले २८८ बिंदूंत आवळलेले असते. तीत विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील सूक्ष्म भाव पुसट होतात. अशा प्रतीवरून अभिनयाविषयी निर्णय देणे धाडसाचेच होय.

२००३ साली पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागून अनेक जुन्या प्रती नष्ट झाल्या. मोझर बेअरही २०१८ साली अवसायनात निघाली. त्यामुळे घरोघरच्या संग्रहांस आता पुराव्याचे मोल आले आहे. संग्राहकाने तबकडीचा प्रकाशक, वर्ष व लांबी नोंदवून ठेवावी. आणि प्रबंधात चित्रपटाचा आधार देताना आमच्या विद्यार्थ्यांनी आपण कोणती प्रत पाहिली, हे अवश्य सांगावे.