पेटी नको, टेबल हवे

आपल्या मंडळाच्या पुढच्या स्नेहसंमेलनात 'शरीर' या विषयावर सभासदांच्या सहभागाने एक प्रदर्शन भरवावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे. दाराशी पेटी ठेवायची, 'शरीराबद्दल जे कधी बोलला नाहीत ते लिहा' अशी पाटी लावायची आणि आलेल्या चिठ्ठ्या भिंतीवर डकवायच्या, अशी योजना आहे. सुचवणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ती पेटी एकतर रिकामी राहील किंवा गुडघेदुखी आणि कोलेस्टेरॉलने भरेल, असे मला वाटते. आपण इनमिन इतके लोक, एकमेकांचे अक्षरसुद्धा ओळखतो!

या निमित्ताने ऑकलंड आर्ट गॅलरीतले एक प्रदर्शन आठवले. नोव्हेंबर २०१६ ते मार्च २०१७ या काळात तिथे ली मिंगवेई या तैवानमध्ये जन्मलेल्या कलावंताचे काम मांडले होते. हेच प्रदर्शन आधी २०१४ मध्ये टोकियोच्या मोरी संग्रहालयात झाले होते. प्रेक्षकाने काही केल्याशिवाय लीची कलाकृती पुरी होत नाही.

त्यातले 'द लेटर रायटिंग प्रोजेक्ट' हे काम १९९८ चे, आजीच्या मृत्यूनंतर सुचलेले. लाकूड आणि काचेच्या तीन छोट्या खोल्या. एकीत उभ्याने, एकीत बसून, एकीत गुडघे टेकून पत्र लिहायचे, गेलेल्या किंवा दुरावलेल्या माणसाला. कृतज्ञता, अंतर्दृष्टी आणि क्षमा यांच्याशी या तीन आसनांची सांगड घातली आहे. पाकीट बंद करून पत्ता लिहिला तर गॅलरी ते टपालात टाकते. उघडे ठेवले तर इतरांनी वाचावे. शरीराला आधी एका स्थितीत ठेवायचे आणि मग शब्द मागायचे, ही युक्ती मला इंजिनिअर म्हणून आवडली. आमच्या धंद्यात याला इंटरफेस म्हणतात. तरी मला तिथे एक ओळ सुचली नाही. क्षमा मागायला गुडघे टेकणे आपल्या अंगवळणी नाही, आपण वाकतो. शिवाय ती शांतता, तो मंद उजेड, सगळेच जरा फार जुळवून आणल्यासारखे वाटले.

'द मेंडिंग प्रोजेक्ट' मात्र वेगळे. हे २००९ चे. एक लांब टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रंगीत दोऱ्यांची रिळे. आपण फाटका कपडा न्यायचा, समोरच्याने गप्पा मारत तो शिवायचा. शिवलेला कपडा प्रदर्शन संपेपर्यंत टेबलावरच राहतो, भिंतीवरच्या रिळाला दोऱ्याने जोडलेला. आपल्याकडचा रफू जितका दिसेनासा तितका चांगला. इथे उलट, जिथे फाटले तिथेच भडक रंग. आजीच्या गोधडीतले ठिगळ म्हणा ना.

त्या उन्हाळ्यात आई सांगलीहून आमच्याकडे आली होती. तीन वर्षांपूर्वी कर्करोगामुळे तिचा एक स्तन काढला होता. तेव्हापासून साडीवर सैल स्वेटर, जानेवारीच्या उकाड्यातही. घरात त्यावर कोणी बोलत नसे. मी तर नाहीच. त्या स्वेटरचे कोपर फाटले होते म्हणून, आणि खरे सांगायचे तर पाहुण्यांना कुठेतरी न्यायचे म्हणून, मी तिला तिथे नेले. शिवायचा तर स्वेटर अंगातून काढणे आले, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग स्वेटर काढून टेबलावर ठेवला आणि ब्लाऊज-साडीत वीसेक मिनिटे बसून राहिली. समोरच्या बाईने कोपरावर हिरव्या दोऱ्याने पान भरले. आईचे इंग्रजी दहा शब्दांचे. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. गाडीत तिने एसी कमी करायला सांगितले, एवढेच. रात्री मात्र तिने माझ्या बायकोला विचारले, "अगं, ब्लाऊजच्या या बाजूला आतून कापूस घालून शिवून देशील का?"

आई मार्चच्या आधीच परतली. शेवटच्या दिवशी स्वेटर आणायला मीच गेलो. इतक्या दिवसांत शेकडो लोकांनी ते हिरवे पान पाहिले असेल, त्यांना फक्त शिवलेले कोपर दिसले. नुसते बघायला येणाऱ्याच्या हाती या कामातून फार काही लागत नाही, कपड्यांचा ढीगच दिसतो, हे त्याचे उणेपण मी मान्य करतो. पण देणाऱ्याची झाकली मूठ त्यामुळेच झाकलेली राहते. २०१८ मध्ये ऑकलंडला आलेल्या 'बॉडी वर्ल्ड्स'मध्ये खरी मानवी शरीरे सोलून, रसायनाने टिकवून मांडली होती. तिथे सगळे दिसले, पण मला कोणी काही विचारले नाही.

तेव्हा आपल्या प्रदर्शनात प्रश्न शरीराचा न विचारता अंगावरच्या वस्तूचा विचारावा. चश्मा, कंबरपट्टा, बाळंतपणात बांधलेला पट्टा, सैल झालेली बांगडी. वस्तूबरोबर चिठ्ठी सक्तीची नको, नाव तर नकोच, आणि संध्याकाळी वस्तू ज्याची त्याला परत. मांडणी फराळाच्या टेबलापासून लांब असावी. माओरी रीतीत डोके आणि केस तापू, म्हणजे पवित्र. टोपी किंवा कंगवा जेवणाच्या टेबलावर ठेवत नाहीत. आपल्या आज्यांनाही ते चालले नसते.

बैठक पुढच्या महिन्यात आहे. पेटीला माझा विरोध नोंदवून घ्यावा. टेबल आणि दोन खुर्च्या मी माझ्या गराजमधून आणून देतो. सुईदोरा धरता येणारे तीन-चार जण तेवढे हवेत.