जुन्या वळणाचे पेय

नाटकाचे परीक्षण करावे तसे एका पेल्याचे परीक्षण करण्याची पाळी माझ्यावर आणली ती आमच्या चिरंजिवांनी. शिकागोला त्यांच्याकडे गेलो असताना एका संध्याकाळी ते मला चक्क बारमध्ये घेऊन गेले. "बाबा, काय घेणार?" ज्या पोराला मी खोकल्याचे औषधसुद्धा चमचा मोजून पाजले, त्याला काय सांगणार? यादीत 'ओल्ड फॅशन्ड' दिसले. म्हटले, नाव तरी आपल्या घरातले आहे!

इतिहासही आमच्या स्वभावाला धरूनच निघाला. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका साप्ताहिकाने कॉकटेलची व्याख्या छापली : मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स. खलास! पुढे बारवाल्यांना कल्पकतेचे झटके येऊन ते त्यात काहीबाही ओतू लागले. तेव्हा जुनी गिऱ्हाइके कुरकुरली, "आमचे ते जुन्या पद्धतीचेच द्या हो!" त्या कुरकुरीचेच पुढे नाव झाले. लुइव्हिलचा एक क्लब याचे पितृत्व सांगतो. पण क्लब निघाला १८८१ साली आणि हे नाव शिकागोच्या वर्तमानपत्रात १८८० सालीच छापून आलेले. म्हणजे चिरंजीव तीर्थरूपांच्या आधी हजर!

आता प्रयोगाविषयी. बुटक्या पेल्यात साखरेचा खडा, त्यावर बिटर्सचे दोन-तीन शिंतोडे. अंगोस्तुरा नावाचे हे बिटर्स म्हणजे व्हेनेझुएलात एका जर्मन डॉक्टरने १८२४ साली पोटाच्या तक्रारींवर काढलेला अर्क; थोडक्यात, आजीबाईचा बटवाच. मग बर्बन, म्हणजे निम्म्याहून अधिक मका असलेली व्हिस्की, बर्फ आणि संत्र्याच्या सालीचा वास. पहिला अंक कडक. दुसऱ्यात साखर हळूच तोंड उघडते. तिसऱ्यात बर्फ विरघळतो आणि सगळीच पात्रे समजुतीने घेऊ लागतात. दोष एकच : वरची ती लालभडक चेरी. गंभीर नाटकात उगाच घुसवलेल्या नाचासारखी!

तिसऱ्या अंकाच्या सुमारास चिरंजीव पेल्यात बघत पुटपुटले, "बाबा, तुमच्यासमोर घेताना अजून भीती वाटते हो."

"मलाही," मी म्हणालो.

मग दोघेही हसलो. मी माझी चेरी उचलून त्याच्या पेल्यात टाकली. वाढदिवसाच्या केकवरची चेरी आमच्याकडे पहिल्यापासून त्याचीच असे.