पांडुरंग सांगवीकर: तक्रार आणि देणं

‘कोसला’ १९६३ साली आली. भालचंद्र नेमाडे आपल्या यावल तालुक्यातल्या सांगवीचे. म्हणून जळगाव-धुळ्याकडे आपण पांडुरंग सांगवीकरला घरचाच पोरगा मानतो आणि चटकन त्याची बाजू घेतो. वडिलांचा धाक, व्यवहाराचीच भाषा, पोराच्या मनाला घरात थारा नाही. हा अन्याय खरा आहे, तो आपण नाकारत नाही.

पण पुढे बघा. पुण्यात हाच पोरगा हात सैल सोडतो, शिक्षणाचं मातेरं करतो, आणि पैसा येतो तो त्याच वडिलांकडून. तत्त्वज्ञानात आपण एक भेद करतो: कारण वेगळं, समर्थन वेगळं. वडिलांकडे बघून पांडुरंगचं वागणं समजतं, पण तेवढ्यानं ते योग्य ठरत नाही.

आणखी एक. कादंबरीभर बोलतो कोण? पांडुरंग. वडिलांची साक्ष झालेलीच नाही. धाकटी बहीण मणी जाते, तेव्हाचा त्याचा आक्रोश आपल्याला हलवून सोडतो. पण आईबापांचंही लेकरूच गेलेलं असतं, हे मात्र मुद्दाम आठवावं लागतं.

मग नेमाडे त्याला दोषी ठरवतात का? नाही. निर्दोष म्हणून सोडतही नाहीत. पांडुरंग स्वतःचीही थट्टा करतो ती उगाच नव्हे. आपली बाजू पुरती स्वच्छ नाही, हे त्याला आतून कळतं. कर्ज काढून पोरं पुण्याला धाडणारी घरं आपल्याकडे आजही आहेत. त्या घरांत ‘कोसला’ वाचायची तर तक्रार आणि देणं एकाच वहीत मांडावं लागेल.