चार आण्यांचा पत्ता

समीक्षेसाठी पुस्तक निवडावे, निदान एखादे नाटक तरी निवडावे, हा दिवाळी अंकांचा शिष्टाचार मला ठाऊक आहे. तरीही यंदा मी संपादकांच्या हाती जे परीक्षण देत आहे ते पत्त्यांच्या एका जोडाचे आहे. आणि तोही इस्पिक-बदामाचा नव्हे, क्रिकेटपटूंचा. ज्यांनी १९९०च्या आसपास शाळेच्या दारातील दुकानात आपले खाऊचे पैसे उडवले आहेत, त्यांना ही पाने वाचायला निमंत्रण लागणार नाही. इतरांनी फराळाचे ताट जवळ ओढून घ्यावे आणि थोडा वेळ सोबत करावी.

या पत्त्यांना आम्ही ‘ट्रम्प कार्ड’ म्हणत असू. ट्रम्प म्हणजे हुकूम, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. पत्त्याच्या वरच्या अंगाला खेळाडूचे रंगीत चित्र, खाली पाच-सहा ओळी: सामने, धावा, सरासरी, सर्वोच्च धावसंख्या, बळी, सर्वोत्तम गोलंदाजी. पत्ते पिसून दोघांत वाटायचे. ज्याची पाळी असेल त्याने आपल्या वरच्या पत्त्यावरील एक ओळ पुकारायची. समोरच्याच्या पत्त्यावर त्या ओळीत कमी आकडा निघाला, की तो पत्ता पुकारणाऱ्याचा. विलायतेत १९७८ साली ‘टॉप ट्रम्प्स’ नावाने मोटारींचे आणि विमानांचे असे जोड निघाले, आणि तेथून हा खेळ फिरत फिरत आमच्या कराडच्या गल्लीत येऊन पोचला. पुरा जोड घेण्याची ऐपत थोड्यांचीच. दुकानदार मोठा धोरणी होता. तो जोड फोडून चार आण्याला एक पत्ता विकी. बबलगमबरोबर मिळणारी खेळाडूंची चित्रेही आम्ही जमवत असू, पण ती नुसती पाहायची. पत्त्यांत झुंज होती.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. दहावीपुढे माझे शिक्षण रंगाच्या पेटीतच झाले, त्यामुळे या पत्त्यांकडे पाहताना माझी नजर प्रथम छपाईवर जाते. छपाई वाईट होती, हे मान्य करून टाकतो. चार रंगांचे चार ठसे एकावर एक नेमके बसावे लागतात; येथे एखादा ठसा हटकून सरकलेला. मजजवळच्या जॉन ट्रायकॉस या झिंबाब्वेच्या गोलंदाजाला तांबडा ठसा सरकल्यामुळे दोन हनुवट्या आल्या होत्या. परंतु हाच दोष त्या पत्त्यांची ओळख होती. कोणाचा कपिल कोणता, हे आम्ही टोपीबाहेर सांडलेल्या निळ्या रंगावरून सांगत असू. निर्दोष छापलेले दोन पत्ते सारखेच असतात. सदोष छापलेल्यांना स्वभाव असतो.

त्याच काळात कुस्तीगीरांचेही पत्ते मिळत, डब्ल्यूडब्ल्यूएफवाल्यांचे. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या व जिंकलेल्या कुस्त्या. मुलांत त्यांचा भाव क्रिकेटच्या पत्त्यांहून अधिक होता, तरी माझे मत तेव्हाही प्रतिकूल होते व आजही आहे. त्या पत्त्यांवरचे आकडे नाटकातल्या राजाच्या मुकुटासारखे. योकोझुनाचे वजन पाचशे पौंडांच्या वर, जायंट गोन्झालेझची उंची आठ फूट. हातात पडला की डाव जिंकलाच. गोन्झालेझ प्रत्यक्षात आठ फुटांहून काही इंच बुटका होता, ही गोष्ट मी क्षमा करीन. कादंबरीकाराने अतिशयोक्तीला नाक मुरडू नये. माझी तक्रार निराळी आहे. त्या आकड्यांना काळ लागत नाही. आठ फूट ती आठ फूटच. क्रिकेटचा पत्ता मात्र छापून होतो न होतो तोच खोटा पडू लागतो. पुढचा सामना झाला की आकडा बदलला. पत्ता मात्र होता तेथेच. ज्याला कथा म्हणतात ती या अंतरात असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच जोडात होते. जोडावर सालाचा पत्ता नव्हता, छापखान्याचे नाव नव्हते. जुन्या पोथीचा काळ ठरवताना विद्वान जसा अंतर्गत पुराव्याचा आधार घेतात, तसा मी या जोडाचा काळ ठरवला आहे, आणि तो महिन्यांपर्यंत नेमका आहे. पुरावा विनोद कांबळीच्या पत्त्यावर होता. कसोटी सामने ७. धावा ७९३. सर्वोच्च २२७. सरासरी ११३.२९. कांबळीची सातवी कसोटी १९९३च्या ऑगस्टमध्ये कोलंबोला झाली आणि आठवी १९९४च्या जानेवारीत लखनौला. म्हणजे हा जोड त्या दरम्यान छापला गेला असला पाहिजे. १९९३च्या दिवाळीत तो आमच्या हाती आला.

११३.२९! ब्रॅडमनची सरासरी ९९.९४ हे आमच्यापैकी ज्यांना ठाऊक होते ते तर थरारून गेले. मुंबईला इंग्लंडविरुद्ध २२४, लगोलग दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७, पुढे लंकेत १२५ आणि १२०. सचिनच्या पत्त्यावरची सरासरी याच्या निम्म्याहून कमी होती. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये या दोघा शाळकरी पोरांनी ६६४ धावांची अखंड भागी केली, त्यात सचिनच्या नाबाद ३२६ आणि कांबळीच्या नाबाद ३४९, हे आम्हांला पाठ होते. जोडीतला धाकटा खरा कोण, याविषयी त्या दिवाळीत गल्लीत दोन तट होते.

पुढची हकीगत सर्वश्रुत आहे. १९९५च्या नोव्हेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, कांबळी आपली शेवटची कसोटी खेळला. १७ सामने, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. सचिन पुढे २०१३पर्यंत खेळत राहिला. २०० सामने, सरासरी ५३.७८. अखेरचे आकडे दोन पत्त्यांवर छापून आजही डाव मांडला, आणि कोणी ‘सरासरी’ पुकारली, तर कांबळी जिंकतो; अर्ध्या धावेहूनही कमी अंतराने, पण जिंकतो. ‘सामने’ पुकारले तर त्याने पत्ता उघडूदेखील नये.

या खेळातील मर्म मला येथे दिसते. पत्त्यावर पाच-सहा ओळी असतात आणि त्यांपैकी कोणती थोर हे पत्ता सांगत नाही. ते पुकारणारा ठरवतो, आणि आपल्या हातात काय आहे ते पाहून ठरवतो. आम्ही समीक्षक याहून काही निराळे करतो असे मला वाटत नाही. एखाद्या लेखकाची एक ओळ पुकारून आम्ही त्याला जिंकवतो, दुसरी पुकारून बुडवतो, आणि हे करताना आवाज मात्र पंचाचा लावतो.

एकाच ओळीचे धनी असलेले पत्ते मला म्हणूनच विशेष प्रिय. नरेंद्र हिरवाणी घ्या. १९८८च्या जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी. ‘सर्वोत्तम गोलंदाजी’च्या ओळीत ६१ धावांत ८. या ओळीत त्याला कपिलचे ८३ धावांत ९ किंवा तसेच कोणी भेटले तरच तो हरे. बाकी सर्व ओळींत तो कोणाकडूनही मार खाई. असा पत्ता वर आला, की छातीत धडधड होई: पाळी आपली आहे ना? आपली असली तर हा राजा, समोरच्याची असली तर हा गेला. कादंबरीत एकाच प्रसंगासाठी येणारी आणि त्या प्रसंगात नायकाला झाकून टाकणारी जी पात्रे असतात, ती मला या पत्त्यांनी शिकवली. पुस्तकांनी नंतर.

आता थोडे विषयांतर. खेळाडूंचे पत्ते ही मुळात जाहिरात. विलायतेत सिगारेटची पाकिटे चेंगरू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत, त्यावर चित्रे आली. आपले रणजितसिंहजीही अशा तुकड्यांवर छापले गेले. अमेरिकेत बेसबॉलचे पत्ते बबलगमच्या जोडीने खपले. १९५२ साली टॉप्स या कंपनीने काढलेल्या मालिकेतील मिकी मॅन्टलचा एक पत्ता २०२२च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांना विकला गेला. आपल्या हिशेबाने शंभर कोटी रुपये. त्या मालिकेतले न खपलेले गठ्ठे पुढे कंपनीच्याच माणसाने समुद्रात नेऊन बुडवले, असे सांगतात. उरले ते थोडे, म्हणून मोलाचे. हे कळल्यावर १९८०नंतर तिकडे प्रत्येकाने पत्ते जपायला सुरुवात केली. कंपन्यांनीही मागणी पाहून बेसुमार छापले. सर्वांनी जपले म्हणून ते कोणालाच दुर्मिळ राहिले नाहीत. १९८७ सालच्या टॉप्सच्या ७९२ पत्त्यांच्या मालिकेला लाकडाच्या फळीसारखी चौकट आहे. त्यांतले बहुतेक पत्ते आज तिकडे रद्दीच्या भावात मिळतात. आणि गंमत अशी, की तेव्हा मुले असलेली माणसे आज पन्नाशीला पोचूनही त्या फळीच्या चौकटीवर जीव टाकतात. ज्यातून पैसा मिळायचा होता त्यातून तो मिळाला नाही. आता उरलेली माया निर्भेळ आहे, याची तरी खात्री बाळगायला हरकत नाही.

आमच्याकडे ती शंकाच नव्हती. आमचे पत्ते कोणी गुंतवणूक म्हणून जपले नाहीत. ते दप्तरात चुरगळले, पावसात फुगले, आणि दरसाल दिवाळीच्या साफसफाईत आयांनी बंबात घातले. माझ्याजवळ आज एकच उरला आहे, कांबळीचा. तो माझा नव्हता.

तो आमच्या शेजारच्या मुलाचा. त्याला आम्ही डावऱ्या म्हणत असू. तो सर्व कामे उजव्या हाताने करी, पण कांबळीसाठी डावखुरा होऊन फलंदाजी शिकला होता आणि त्यामुळे रोज शून्यावर बाद होई. चार आणे देऊन त्याने तो पत्ता घेतला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. नरकचतुर्दशीच्या दुपारी आमच्या ओट्यावर डाव बसला. जिंकलेला पत्ता परत द्यायचा नाही, अशी बोली होती. पाळी माझी होती आणि माझ्या वर आला होता दोन हनुवट्यांचा ट्रायकॉस. या गृहस्थांचे चरित्र मला पुष्कळ पुढे कळले. इजिप्तमध्ये जन्म, १९७० साली दक्षिण आफ्रिकेतर्फे तीन कसोट्या, मग वर्णद्वेषामुळे तो देशच मैदानाबाहेर, आणि बावीस वर्षांनंतर, पंचेचाळिसाव्या वर्षी, झिंबाब्वेच्या पहिल्यावहिल्या कसोटीत पुनरागमन. हरारेच्या त्या सामन्यात त्याने पाच बळी घेतले आणि सचिनला शून्यावर स्वतःच झेल घेऊन परत पाठवले. कांबळीने २२७ केल्या त्या दिल्लीच्या सामन्यात तो खेळला आणि तीच त्याची अखेरची कसोटी. त्या दुपारी मला एवढेच दिसत होते, की हा पत्ता कवडीमोलाचा आहे आणि त्यावर पुकारण्याजोगी एकच ओळ आहे. मी म्हणालो, “विकेटा. अठरा.”

डावऱ्याने कांबळी खाली ठेवला. बळींच्या ओळीत शून्य होते.

“फलंदाजाला विकेटा विचारतात काय?” तो म्हणाला. “दुसरी ओळ घे. सामने घे.”

मी उदार झालो. त्याच्या पत्त्यावर सात होते. माझ्याही पत्त्यावर सातच होते. बरोबरी झाली तर पत्ता पुकारणाऱ्याचा, हा नियम त्यानेच केलेला होता. मी पत्ता उचलला. त्याने तो परत मागितला नाही. दुसऱ्या दिवशी खेळायला आला नाही, एवढेच. मला तो परत देता आला असता. मी वहीच्या वेष्टणात घालून ठेवला, आणि वर्गात चोरून त्यावरची सरासरी पाहत राहिलो. नववीत त्याने शाळा सोडली आणि तो इचलकरंजीला मागावर लागला.

गेल्या दिवाळीत भावाच्या घरी इचलकरंजीला गेलो होतो, तेव्हा विचारीत विचारीत त्याच्या घरी गेलो. पत्ता खिशात होता. त्याने चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. त्याच्या मुलीने विचारले, “बाबा, कोण आहे?” तो म्हणाला, “लई मोठा खेळाडू. एकशेतेरा पॉइंट एकोणतीस.” आणि पत्ता माझ्या हातात परत देत म्हणाला, “राहू दे तुझ्याकडंच. तो दुसरा हाय का, दोन हनुवट्यांचा?”

तो मी त्याच दिवशी संध्याकाळी लवंगीच्या एका माळेवर देऊन टाकला होता.