कमरेवरचा ठपका, पायांची साक्ष

दिवाळीनंतर धान कापणी उरकत आली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या मंडया आणि शंकरपट यांच्या निमित्ताने रात्रभर चालणारे प्रयोग होतात आणि हे होळीच्या आसपासपर्यंत चालू राहते. वडसा म्हणजेच देसाईगंज ही या रंगभूमीची पेठ. तेथून थोड्याच अंतरावर असलेल्या आरमोरीत मागच्या हंगामाआधी एक तालीम पाहायला मिळाली. दुसऱ्या अंकात एक लावणी होती. दिग्दर्शक पुन्हा पुन्हा एकच सूचना देत होते : "कंबर हालव, बाई, कंबर!" नाचणारी बाई थांबली, पदर खोचला आणि म्हणाली, "पाय बसल्याशिवाय कंबर कशी हालन, मास्तर?"

तालमीतले लोक हसले. मला मात्र वाटले की झाडीपट्टीवर आजवर जी समीक्षा झाली, तिच्यात हे एक वाक्य असायला हवे होते आणि ते नाही. या नाटकांतल्या नाचांवर आपण लिहितो तेव्हा 'कंबर' हा शब्द येतो तो आरोपपत्रातल्यासारखा. नाच 'सवंग' झाला, 'हंगामा' झाला, कमरा हलू लागल्या, असे आपण लिहितो. कंबर हलते कशी, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच की ते विचारल्याखेरीज चांगला नाच आणि वाईट नाच यांतला फरक सांगताच येत नाही.

हा प्रश्न जगात सर्वांत काटेकोरपणे विचारला गेला तो लॅटिन बॉलरूम नृत्याच्या वर्गांत. स्पर्धांतल्या लॅटिन विभागात पाच नृत्ये असतात : सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह. त्यांतला रुंबा संथ, मिनिटाला साधारण 25 ते 27 आवर्तने, प्रत्येक आवर्तनात चार मात्रा. नवशिका माणूस रुंबा शिकायला जातो तेव्हा तो नेमके आरमोरीच्या दिग्दर्शकांना हवे होते ते करतो. तो कंबर हलवतो, म्हणजे ती डावी-उजवीकडे ढकलतो. परिणामी खांदे उलट्या दिशेने उचलले जातात, डोके झुलते आणि पाय मागून फरफटत येतात.

शिक्षक त्याला सांगतात ते वेगळेच असते. पायाचा चवडा आधी जमिनीला लागतो. शरीराचे वजन त्या पायावर येता येता गुडघा सरळ होतो, टाच खाली बसते. दुसऱ्या पायाचा गुडघा सैल सुटतो. वजन घेतलेल्या बाजूची कंबर यामुळे आपोआप बाजूला आणि किंचित मागे जाऊन बसते. वाचकाने उभे राहून करून पाहावे : पाय थोडे फाकवून एक गुडघा ताठ आणि दुसरा सैल करा, मग उलट करा. कंबर हलली, पण ती तुम्ही हलवली नाही. जमीन आणि गुडघा यांच्यात जो व्यवहार झाला, त्याची ती पावती आहे.

वरच्या शरीराचे काम याहून अवघड, कारण ते बहुतांशी न करण्याचे काम आहे. खांदे समपातळीत, छाती वजनाच्या पायावर, मान मोकळी. कंबर जिकडे बसते तिकडची कूस आखडते, दुसरीकडची ताणली जाते, आणि कमरेची हालचाल फासळ्यांपाशी जिरते. ती खांद्यापर्यंत पोचली तर नाच ढासळला. हात हलतात तेही पाठीतून. स्पर्धेच्या रुंब्यात पावले दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतात, पहिल्या मात्रेवर नवे पाऊल नसते. तेथे कंबर बसते. आपल्या भाषेत सांगायचे तर समेवर पाय वाजत नाही, सम शरीराच्या आत घेतली जाते.

तंत्राचा हा नियम आपण निमूटपणे स्वीकारावा असे मात्र नाही, कारण 'बरोबर' काय हे कोणी ठरवले याचाही इतिहास आहे. रुंब्याचे मूळ क्युबात, हवाना आणि मातान्सास येथल्या आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी वस्त्यांत. 2016 मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. तो रुंबा वाकलेल्या गुडघ्यांचा, पुढे झुकलेल्या धडाचा, ढोलाशी बोलणारा. बॉलरूममधला रुंबा नावापुरता त्याचा वारस. त्याची चाल मुख्यतः बोलेरो आणि सोन या दुसऱ्या क्युबन प्रकारांतून आली. लंडनमधले नृत्यशिक्षक मुसिए पिएर आणि त्यांच्या सहकारी डॉरिस लव्हेल 1947 मध्ये क्युबाला गेले, तिथली लय शिकून परतले. दुसऱ्या मात्रेवर पाऊल की पहिल्या, यावरून ब्रिटिश शिक्षकांत बराच वाद झाला. पुढे 1961 मध्ये वॉल्टर लेअर्ड यांचे लॅटिन तंत्रावरचे पुस्तक आले आणि पाऊल, पायाचा कोन, वजन, कंबर यांची नोंद पक्की झाली. या प्रवासात धड ताठ झाले, पाय सरळ झाले. काही मिळाले, काही गेले. पण एक गोष्ट निर्विवाद घडली : कंबर हा चारित्र्याचा विषय राहिला नाही, तो कौशल्याचा विषय झाला. परीक्षक कमरेला गुण देतो तेव्हा तो पायांकडे पाहत असतो.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. 1951 च्या 'अलबेला'त गिरणी कामगाराचा मुलगा भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा, गीता बालीबरोबर नाचले. संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. त्यांचे सहायक चिक चॉकलेट मूळचे गोव्याचे ट्रम्पेटवादक, जॅझ आणि लॅटिन ठेक्यांवर पोसलेले. भगवानदादा कोणत्याही बॉलरूमचे विद्यार्थी नव्हते. पण चित्रपट आवाज बंद करून पाहा. पावले अगदी लहान, गुडघे सैल, वजन एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश सरकणारे, हात कोपरात वाकून छातीसमोर आरामात. कमरेला ते काही करायला सांगत नाहीत. म्हणूनच तो स्थूल देह हलका वाटतो आणि पुढच्या पिढ्यांतल्या नायकांना ती चाल उचलावीशी वाटली. त्यांच्या नाचाला आपण 'गंमत' म्हणून सोडून दिले. पुरुषाची कंबर आपल्याला गंमत वाटते आणि बाईची कंबर गुन्हा, हा भेद इथे नोंदवून ठेवला पाहिजे.

आता लावणीकडे येऊ. नऊवारीचा काष्टा पाय मोकळे ठेवतो, पण गुडघे झाकतो. घुंगरांचा आवाज पाऊल ऐकवतो, डोळ्यांना मात्र दिसते ती कंबर. म्हणजे कारण झाकलेले आणि परिणाम उघडा. प्रेक्षक परिणामालाच नाच समजतो आणि समीक्षकही. याच परंपरेत बैठकीची लावणी आहे. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतींनी ती गाजवली. तेथे बसून अदा करायची असते, त्यामुळे पाय आणि कंबर जवळजवळ बाद होतात. उरते ते वरचे शरीर : मान, खांदा, बोटे, भुवई, नजर. वरच्या अंगाचे स्वतंत्र व्याकरण आपल्याकडे किती परिपक्व होते याचा हा पुरावा. उभ्या लावणीत हे व्याकरण आणि पायांचे व्याकरण एकाच वेळी चालवायचे असते. खाली ढोलकीशी जुगलबंदी, वर शब्दाचा अर्थ. रुंब्याचा शिक्षक ज्याला वरचे आणि खालचे अंग वेगळे करणे म्हणतो ते याहून फार निराळे नाही.

आणि गडचिरोलीच्या माणसाने तर लांब जायलाच नको. आपल्याच जिल्ह्यातल्या गोंड-माडियांच्या रेला नाचात बाया एकमेकींत हात गुंफून रांग धरतात. धडे एकमेकांना बांधलेली. एकटीने कंबर उडवायची सोयच नाही. सगळा नाच गुडघ्यांच्या लवचिकपणात आणि पावलांच्या एकमेळात. त्याकडे कोणी बोट दाखवून सवंग म्हणत नाही. पण मग ज्या झाडीत पाय इतके शहाणे आहेत, तिथल्या मंचावर फक्त कमरेचीच मागणी का होते?

उत्तराचा एक भाग रंगभूमीच्या इतिहासात आहे. या रंगभूमीच्या मुळाशी दंडार आहे आणि दंडारीत स्त्रीपात्र पुरुषच करीत. पुढे मंचावर स्त्रिया आल्या. त्या आल्या तेव्हा त्यांच्यासाठी नाचाची तालीम नव्हे, तर नाचाची जागा तयार होती. कथानकात कुठेही बसवलेले एक गाणे, चार दिवसांची तयारी आणि वरून "कंबर हालव". 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीच्या अभिनयाची दखल देशाने घेतली. नाचणाऱ्या बाईच्या कामाची दखल अजून तिच्याच गावातल्या लेखकाने घेतलेली नाही. त्यात आता मोबाइल आला. प्रेक्षक चित्र जवळ ओढून टिपतो, पाय चौकटीबाहेर जातात. ती अर्धी बाई गावभर फिरते आणि तिच्यावरून आपण निवाडा देतो.

याचा अर्थ मंचावरचे सगळेच नाच निर्दोष आहेत असा नाही. काही नाच खरोखरच वाईट असतात. पण ते वाईट का, हे सांगता आले पाहिजे : वजन बदललेले नाही, पाऊल ठेक्यावर नाही, खांदे कमरेमागे धावतात, चेहरा गाण्यात नाही. आणि असेही घडते की नाच उत्तम असतो, पण नाटककाराने तो विनाकारण घुसडलेला असतो आणि कॅमेरा-प्रकाश त्याला हिणवून दाखवतात. तेव्हा दोष लेखकाचा आणि दिग्दर्शकाचा. तंत्र पाहणारी समीक्षा हे दोष वेगळे करू शकते. नुसते 'अश्लील' म्हणणारी समीक्षा सगळा ठपका त्या एका बाईवर टाकते, जी प्रयोगागणिक मानधनावर रात्र जागवते आणि सकाळी पुढच्या गावाची गाडी धरते.

आरमोरीच्या त्या तालमीत दिग्दर्शक शेवटी गप्प बसले. बाईने ढोलकीवाल्याला ठेका निम्म्यावर आणायला सांगितला. नुसती पावले टाकली, उजवे, डावे, पुन्हा उजवे, प्रत्येक पावलावर पूर्ण वजन देऊन. पाच-सहा आवर्तनांनंतर ठेका मूळ लयीत आला आणि कंबर आली. खांदे जागच्या जागी होते, डोळे शब्दांवर. या हंगामात आपण मांडवात बसू तेव्हा पहिली पाच मिनिटे नजर खाली ठेवून पाहावी. मग वर पाहावे आणि लिहावे.