‘जोगवा’ जेथे थांबतो

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांच्या आधारे राजीव पाटील यांनी २००९ साली पडद्यावर आणलेला ‘जोगवा’ राष्ट्रीय पारितोषिकांनी गौरविला गेला, आणि ते योग्यच झाले. केसांत जट आली म्हणून यल्लम्माला वाहिलेली सुली आणि लुगडे नेसावयास लावलेला तायप्पा यांची व्यथा पाहून ज्याचे मन हलणार नाही असा प्रेक्षक विरळा. तरीही येथे हैदराबादेत तो पाहताना एक शंका मनातून जात नाही. सुली वयात आलेली आहे. तिला प्रेम कळते. म्हणूनच तर कथेला प्रीतीची वाट सापडते!

या शहराच्या दक्षिणेस महबूबनगर-नारायणपेठ भागात जिला जोगिणी म्हणतात, ती पुष्कळदा न्हाण येण्यापूर्वीच, अजाण वयात, देवीला वाहिली जाई. पुढे तिच्यावर पहिला हक्क कोणाचा, हे गावातील वजनदार पुरुष ठरवीत. देवीचा यात संबंध एवढाच, की तिचे नाव घेतल्यावर कोणी हटकत नसे.

बालपणीच्या या अत्याचाराचे देणे शरीर पुढे कित्येक वर्षे फेडीत असते. कॅलिफोर्नियात हजारो प्रौढांची चौकशी करून फेलिटी व अँडा या डॉक्टरांनी १९९८ पासून जे निष्कर्ष मांडले, त्यांत बालपणीचे आघात जितके अधिक, तितके प्रौढपणी गुप्तरोगांचे प्रमाणही अधिक, असे आढळले. प्रत्येकीचे असेच होते असे अर्थातच नाही. कोवळ्या वयातील अपक्व गर्भाशयमुखास संसर्ग सहज जडतो, ही झाली शारीर बाजू. दुसरी बाजू अधिक खोल आहे. जिच्या ‘नको’ला लहानपणी कोणी किंमत दिली नाही, तिला तिशीतही पुरुषाकडे निरोधचा आग्रह धरण्याचे बळ येतेच असे नाही. तपासणीच्या टेबलावर आडवे होणेच तिला जुन्या भयाची आठवण देते, म्हणून ती दवाखाना टाळते. मग गर्भाशयमुखाचा जो कर्करोग वेळीच सापडला असता, तो उशिरा सापडतो. आणि लोक मात्र तिच्या चारित्र्याची चर्चा करतात.

कायद्याचे काय? आंध्र प्रदेशाचा १९८८ चा देवदासी प्रतिबंधक कायदा समर्पणाचा विधी करणाऱ्यास व त्यास साहाय्य करणाऱ्यास शिक्षा सांगतो; आईबापही त्यातून सुटत नाहीत. पण वकिलाच्या नजरेने पाहता त्याचे सारे लक्ष त्या विधीवर आहे. पुढे त्या मुलीकडे येणाऱ्या पुरुषावर नाही. ती उणीव २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बरीचशी भरून काढली. मात्र त्याआधी वाहिलेली, आज चाळिशी ओलांडलेली स्त्री त्याच्या कक्षेत येत नाही. तिला खटला नको असतो. तिला डॉक्टर हवी असते, तीही असा प्रश्न विचारणारी, जो सहसा केसपेपरवर छापलेला नसतो.

‘जोगवा’ बंधन तुटण्यापाशी थांबतो. कलाकृतीला कोठे तरी थांबावेच लागते, हे मान्य. परंतु गवसांच्या कादंबऱ्यांतील रोकडे वास्तव हाती असता, अजय-अतुल यांच्या मोहक संगीताच्या आधाराने प्रेक्षकाला इतक्या लवकर सुखरूप घरी पोचविण्याची घाई दिग्दर्शकाने केली नसती, तर सुलीच्या शेजारी उभी असलेली ती सात-आठ वर्षांची मुलगीही आपल्याला दिसली असती.